नवती आपली, पिलबाग कोणाची?

रावेर-यावलच्या केळीबाजारात नवतीचा भाव वेगळा निघतो आणि पिलबागेचा वेगळा. नवती म्हणजे नव्या लागवडीचा पहिला माल. घड कापला की त्याच कंदाच्या कडेला राखून ठेवलेला पील वर येतो आणि वर्षभरात त्याचाही घड पडतो, ती पिलबाग. मशागत, रोपं, ठिबकच्या नळ्या हा मोठा खर्च नवतीच्याच वेळी होऊन गेलेला असतो, म्हणून शेतकऱ्याचा खरा हिशेब पिलबागेत बसतो. आता समजा, नवतीचा घड उतरला आणि शेजारचा धनवान बागायतदार येऊन, रीतसर पैसे मोजून, कंदच उकरून घेऊन गेला. चोरी झाली असं म्हणता येणार नाही, व्यवहार चोख झाला. पण पुढच्या वर्षीचा घड कोणाच्या बांधावर पडणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. श्रीमंत क्लबांच्या पैशापुढे लहान फुटबॉल क्लबचं काय होतं हे समजून घ्यायला मला याहून नेमकी उपमा सापडलेली नाही, आणि ती जळगावच्या वाचकाला फोडून सांगण्याचीही गरज नाही.

खानदेशातला एकही क्लब आयएसएलमध्ये नाही, आय-लीगमध्येही नाही. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडल्यापासून अख्ख्या महाराष्ट्राच्या वाट्याला आयएसएलमध्ये एकच संघ उरला, मुंबई सिटी, आणि तो श्रीमंतांच्या रांगेत बसणारा. त्यामुळे गरीब बाजूने विचार करायचा तर आपल्याला कोकण ओलांडून गोव्यात जावं लागतं. एफसी गोवा हा खऱ्या अर्थाने गरीब क्लब नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. डेल्टा कॉर्पचे जयदेव मोदी त्याच्या मालकांत आहेत, विराट कोहलीचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. पण मुंबईत सिटी फुटबॉल ग्रुप उतरला आणि कोलकात्यात संजीव गोएंकांचा उद्योगसमूह मोहन बागानच्या पाठीशी उभा राहिला, त्यानंतर गोव्याची ऐपत मध्यमवर्गीयाची ठरली. प्रश्न असा की या मध्यमवर्गीयाला लीग जिंकता येईल का, आणि जिंकली तर टिकवता येईल का. माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपण नेहमी पहिल्याचीच चर्चा करतो.

पहिल्याचं उत्तर गोव्याने स्वतःच देऊन ठेवलं आहे. २०१९-२० च्या हंगामात एफसी गोवा साखळी फेरीत सगळ्यांच्या वर होता. त्या वर्षीपासून साखळीतल्या अव्वल संघाला शील्ड मिळू लागली, ती पहिली शील्ड गोव्याची. त्याच जोरावर एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोहोचलेला तो पहिला भारतीय क्लब ठरला. त्या संघाचा कणा म्हणजे ह्यूगो बूमूस, अहमद जाहू, मूर्तादा फॉल आणि २०१४ पासून गोव्याचीच जर्सी घालणारा मंदार राव देसाई. बाकावर बहुतेक हंगामभर सर्जिओ लोबेरा होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला ६५ टक्के हिस्सा घेतला होता. पुढच्याच उन्हाळ्यात लोबेरा मुंबईत गेला, त्याच्यामागून फॉल, जाहू आणि मंदार गेले, आणि करार मोडण्याची रक्कम भरून बूमूसलाही नेण्यात आलं. एक प्रशिक्षक आणि चार खेळाडू. २०२०-२१ मध्ये मुंबईने शील्ड जिंकली, कपही जिंकला. उपांत्य फेरीत त्यांच्यासमोर कोण होतं? गोवाच. दोन्ही लढती बरोबरीत सुटल्या आणि पेनल्टीवर गोवा बाद झाला. आपलाच माल, आपल्याच समोर, दुसऱ्याच्या पेटीत भरलेला.

यावर पहिला आक्षेप असा येतो की गोव्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. ते अगदीच खोटं नाही. लोबेराला मुंबईने पळवलं नव्हतं. साखळीचे सामने शिल्लक असतानाच गोव्याने त्याला निरोप दिला होता आणि उरलेलं काम गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडाने पार पाडलं. पण प्रशिक्षक मोकळा केला म्हणून चार खेळाडू आपोआप मोकळे होत नाहीत. त्यांना ओढून नेण्यासाठी पगार द्यावा लागतो, आणि तो देण्याची ताकद समोरच्याकडे होती. शिवाय हा एका क्लबचा गाढवपणा असता तर दुसऱ्या क्लबच्या बाबतीत तेच घडलं नसतं.

जमशेदपूरने २०२१-२२ ची शील्ड जिंकली. टाटा स्टीलचा संघ म्हणजे पाठीशी दमदार कंपनी आहेच, पण उधळपट्टी करणारा क्लब अशी त्याची ख्याती कधीच नव्हती. त्या हंगामात लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला त्यांचा स्कॉटिश मध्यरक्षक ग्रेग स्ट्युअर्ट. हंगाम संपला, प्रशिक्षक ओवेन कॉयल गेला, स्ट्युअर्ट मुंबई सिटीत गेला. पुढच्या वर्षी शील्ड मुंबईने घेतली आणि जमशेदपूर दहाव्या क्रमांकावर फेकलं गेलं. गोष्ट इथे संपत नाही. २०२४ मध्ये स्ट्युअर्ट मोहन बागानमध्ये दाखल झाला, आणि २०२४-२५ मध्ये मोहन बागानने शील्ड आणि कप दोन्ही उचलले. बूमूसचा प्रवास आठवा: गोवा, मुंबई, मग २०२१ मध्ये कोलकाता. मिझोरमचा आपुइया नॉर्थईस्ट युनायटेडमधून मुंबईत आणि मुंबईतून २०२४ मध्ये मोहन बागानमध्ये गेला. तीन खेळाडू, तीन वेगळी गावं, पण गाडी एकच आणि तिचे थांबेही तेच. एखाद्या खेळाडूने पैशासाठी क्लब सोडला तर त्याला नावं ठेवू नयेत. फुटबॉलपटूची कमाईची वर्षं दहा-बारा, त्यात त्याने पोट पाहिलं तर काय चुकलं? मुद्दा खेळाडूच्या निष्ठेचा नाही. खालून वर जाणारा रस्ता इतका ठरून गेला आहे की खालच्या क्लबचं यश वरच्या क्लबसाठी खरेदीची यादी बनतं, हा मुद्दा आहे.

इथे पैशाबद्दलचा एक नेहमीचा गैरसमज दूर करावा लागेल. आपल्याकडे ट्रान्सफरचा आकडा वर्तमानपत्रात मथळ्याला येतो, म्हणून वाटतं की त्या आकड्यानेच विजेतेपद मिळतं. सायमन कूपर आणि स्टीफन झिमान्स्की यांनी ‘सॉकरनॉमिक्स’ या पुस्तकात इंग्लंडच्या ४० क्लबांचा १९७८ ते १९९७ या काळातला हिशेब मांडला आहे. क्लबांच्या गुणतालिकेतल्या स्थानातल्या फरकापैकी ९२ टक्के फरक खेळाडूंच्या पगारावरून समजावून सांगता येतो, ट्रान्सफरवर ओतलेल्या निव्वळ रकमेवरून फक्त १६ टक्के. म्हणजे खेळाडू आणायला किती मोजले याला फारसा अर्थ नाही, त्याला ठेवायला दर महिन्याला किती देता याला आहे. जगात याचे पुरावे ढिगाने आहेत. पॅरिस सेंट-जर्मेनने २०१७ मध्ये नेमारसाठी २२.२ कोटी युरो मोजले, पुढे मेस्सी आणला, एमबाप्पेला धरून ठेवलं, आणि चॅम्पियन्स लीग काही मिळाली नाही. ती मिळाली २०२५ मध्ये, तिघेही गेल्यानंतर, अंतिम सामन्यात इंटरला ५-० ने लोळवून. चेल्सीने २०२२ च्या मालकबदलानंतर पैशांचा पाऊस पाडला आणि तो हंगाम बाराव्या स्थानावर संपवला. आपल्याकडच्या कबड्डीत तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर एका लिलावात २ कोटी ६० लाखांहून जास्त रक्कम लावली. त्या हंगामात संघ तळाला राहिला.

मग पैसेवाल्यांना घाबरायचं कशाला, असा दुसरा आक्षेप इथे हमखास येतो, आणि तो आणणारे लोक दोन नावं घेऊन येतात: लेस्टर आणि ऐझॉल. लेस्टर सिटीवर २०१५-१६ च्या सुरुवातीला सट्टेबाज एकाला पाच हजार असा भाव देत होते, आणि ते प्रीमियर लीग जिंकले. ऐझॉलची कथा मला त्याहून जवळची वाटते, कारण तिच्यात आपली मुंबई दोन्हीकडे आहे. ऐझॉल एफसी २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून त्याला परत जागा मिळाली. इकडे मुंबई एफसीने सात वर्षं तुटपुंज्या पैशात संघ तगवणाऱ्या खालिद जमीलला नारळ दिला. खालिद ऐझॉलला गेला, सोबत जयेश राणे आणि आशुतोष मेहता. २२ एप्रिल २०१७ ला ऐझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० ने हरवलं, ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ बरोबरी केली आणि ३७ गुणांवर विजेतेपद मिळवलं. मोहन बागान ३६. त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटचा आला. डोंगरातल्या एका शहराच्या क्लबने कोलकात्याच्या दोन दिग्गजांना मागे टाकलं, हा चमत्कार नव्हे तर काय!

चमत्कार खराच, पण त्याच्या पुढचं वर्षही पाहा. खालिद ईस्ट बंगालला गेला, मधल्या फळीचा सूत्रधार महमूद अल अमना त्याच्यासोबत. जयेश राणे आणि आशुतोष मेहता एटीकेला, लालरुआथारा केरळ ब्लास्टर्सला. ऐझॉल पुढच्या हंगामात पाचवा आला आणि त्यानंतर विजेतेपदाच्या आसपासही दिसला नाही. लेस्टरमधून एन्गोलो कांटे चेल्सीत गेला. चेल्सी विजेता, लेस्टर बारावा. पुण्यातलं उदाहरण तर हुबेहूब तसंच आहे. पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये प्रो कबड्डी जिंकली. अस्लम इनामदारसारखी पोरं घडवून त्यांनी संघ बांधला होता आणि भर म्हणून इराणचा मोहम्मदरेझा शादलूई होता, त्याला मात्र २ कोटी ३५ लाख देऊन आणलेलं. पुढच्या लिलावात शादलूई हरियाणा स्टीलर्सकडे गेला. त्या वर्षीचं विजेतेपद हरियाणाचं, पलटण आठवी. म्हणजे ऐझॉल आणि लेस्टर ही उदाहरणं ‘पैशाला हरवता येतं’ याची आहेत, आणि त्याच दमात ‘पैशाला एकदाच हरवता येतं’ याचीही. नवती निघाली, पिलबाग गेली.

तिसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे: पगारावर मर्यादा घाला, परदेशी खेळाडूंची संख्या बांधा, म्हणजे सगळे सारखे होतील. आयएसएलमध्ये पगाराची मर्यादा आहेच आणि तिचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. त्याशिवाय जमशेदपूर किंवा २०२१-२२ चा कप जिंकणारं हैदराबाद वर आलंच नसतं. पण मर्यादा क्लबच्या एकूण बिलाला लागते. सराव मैदान, वैद्यकीय पथक, विमानाने जायचं की रेल्वेने, आशियाई स्पर्धेत खेळण्याची खात्री, राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाच्या नजरेत राहण्याची संधी, या गोष्टी त्या बिलात कुठेच दिसत नाहीत, आणि दोन सारख्या पगारांमधून खेळाडू निवड करतो ती याच गोष्टींवर. गोव्याच्याच मातीतला ब्रँडन फर्नांडिस २०२४ मध्ये मुंबई सिटीत गेला तो काय फक्त पगारासाठी, हे तोच जाणे. पण गेला हे खरं. हंगाम छोटा ठेवणं हा लहान क्लबांना मदत करणारा आणखी एक मार्ग. ऐझॉलची आय-लीग १८ सामन्यांची होती, त्याच्या पुढच्या दोन वर्षांत मिनर्व्हा पंजाब आणि चेन्नई सिटी विजेते झाले, तेही तसेच छोटे हंगाम. सामने कमी तितकी नशिबाची टक्केवारी जास्त. आयएसएलचा २०२५-२६ चा हंगाम तर फेब्रुवारीत सुरू होऊन प्रत्येकी १३ सामन्यांवर आला. एवढ्याशा हंगामात कोणीही जिंकू शकतो, म्हणून या लेखातला हिशेब मी त्याला लावत नाही.

कोणी म्हणेल, आमच्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली, तेव्हा कोणत्या श्रीमंताने त्याला अडवलं? बरोबर. पण आखाड्यात समोर एकच गडी असतो आणि त्याची ताकद त्याच्याच अंगात असते, ती कोणाला विकत नेता येत नाही. फुटबॉलमध्ये अकरा जणांनी सात-आठ महिने एकमेकांची चाल ओळखत खेळायचं असतं. त्यातले दोघे गेले की उरलेले नऊ तेच असूनही संघ तो राहत नाही.

टिकवून धरलं तर काय होतं, याचा पुरावाही गोव्याकडेच आहे, आणि या सगळ्या चर्चेत तो मला सर्वांत वजनदार वाटतो. धेंपो स्पोर्ट्स क्लबने २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली: दोन राष्ट्रीय लीगची, तीन आय-लीगची. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल तेव्हाही होते, मुंबईत महिंद्रा युनायटेड होता आणि त्याने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलीही. पण धेंपोत प्रशिक्षक आर्मांदो कोलासो वर्षानुवर्षं तेच, आणि मैदानावर महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, ही गोव्याची पोरं वर्षानुवर्षं तीच. पुढे नायजेरियाचा रांती मार्टिन्स गोल करायला. एका कंदाला पाच वेळा घड. हे जमलं कारण तेव्हा घर सोडून जाण्याइतका मोठा फरक पगारात नव्हता. गोव्यात धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स हे एकमेकांशी स्पर्धा करत एकमेकांचे पगार वर ठेवत होते. २०१४ मध्ये आयएसएल आली आणि तो तोल गेला. २०१५ मध्ये धेंपो आय-लीगमधून खाली आला, परत वर चढला, आणि २०१६ मध्ये साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा यांच्यासह त्याने राष्ट्रीय लीगलाच रामराम ठोकला.

जुन्या महाराष्ट्रात हाच तोल नोकरीने सांभाळला जात असे. रेल्वे, गिरण्या, एअर इंडिया, टाटा यांचे संघ खेळाडूला ट्रान्सफरची रक्कम देत नसत, कायमची नोकरी देत. भुसावळसारख्या गावाला कायमच्या नोकरीचं वजन किती, हे सांगायला नको. नोकरी सोडून कोणी दुसऱ्या संघात जात नसे, म्हणून संघ टिकत. रेल्वेने १९६० च्या दशकात संतोष ट्रॉफी तीनदा जिंकली ती अशाच संघांच्या बळावर. ती व्यवस्था आदर्श होती असं नाही, तिच्यात साचलेपणही होतं. पण खेळाडू धरून ठेवण्याचं काम तिने केलं. आज ते काम करणारं काही उरलेलं नाही.

श्रीमंत पैशाबद्दल शेवटचं एक, कारण त्याला आपण फार अढळ समजतो. महिंद्राने २०१० मध्ये फुटबॉल संघ बंद केला. हैदराबाद कप जिंकून दोन वर्षांत खेळाडूंचे पगार थकवण्यापर्यंत आलं. आणि डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला आपला हिस्सा मूळ मालकांकडे देऊन भारतातून काढता पाय घेतला. बाहेरचा पैसा येतो तसा जातोही, आणि गेला की त्याने उभा केलेला संघ दुसऱ्यांसाठी खरेदीची यादी होतो. मध्यम क्लबची खरी संधी तिथे आहे: वर्षाला एक मोठा खेळाडू आणण्यात नाही, तर चार-पाच घरच्या पोरांना लांब मुदतीचे करार देऊन समोरच्याचा पैसा आटण्याची वाट पाहण्यात. अर्थात ‘घडवा आणि विका’ हाही एक धंदा आहे आणि इंग्लंडमधल्या ब्रायटनने तो उत्तम चालवला; पण ब्रायटनने लीग जिंकलेली नाही. विकून ताळेबंद सुधारतो, गुणतालिका नाही.

एफसी गोव्याचा हिशेब म्हणून मी असा मांडतो. २०२०-२१ ते २०२४-२५ या पाच हंगामांत शील्ड चार वेळा मुंबई किंवा कोलकात्याला गेली. २०२४-२५ मध्ये गोवा मोहन बागानच्या मागे दुसरा होता, आणि त्याच मे महिन्यात त्याने सुपर कप जिंकला. त्या बळावर आशियाई स्पर्धेत खेळताना २२ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्याला सौदीचा अल नस्र आला. सामना १-२ असा हरला, पण गोव्याचा एकमेव गोल केला ब्रायसन फर्नांडिसने. तो गोव्याचाच मुलगा, आणि त्याच वर्षी आयएसएलचा सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरलेला. पूर्ण लांबीच्या हंगामात गोव्याने एखादी शील्ड जिंकली तर मला आश्चर्य वाटणार नाही. सलग दोन जिंकल्या तर वाटेल. तेव्हा पुढची ट्रान्सफर विंडो उघडली की गोव्याने कोणाला आणलं हे विचारू नका. ब्रायसन राहिला का, ते आधी बघा.